टॉवरने घेतलेलं नाव

आमच्या गावापासून दोन शिवारं ओलांडली की एक रीठ लागतं. रीठ म्हणजे माणसं उठून गेलेलं गाव. घरं नाहीत, चूल नाही, पण तलाठ्याच्या दप्तरात ते गाव जिवंत असतं आणि भोवतालच्या शेतांच्या सातबाऱ्यावर त्याचंच नाव चालतं. आमच्याकडे ते नाव कोणी घेत नसे. ‘पांढरीकडचं वावर’ म्हणायचे आणि भागवायचे. मीही इथे ते लिहीत नाही. मला अंधश्रद्धाळू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि तरीही लिहीत नाही.

ते नाव पहिल्यांदा उघडपणे घेतलं मोबाइलने.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीने आणि भावाने मिळून घराघरांत अवकळा आणली होती, आणि नेमके तेव्हाच खेड्यांत मोबाइल आले. त्या बटणांच्या फोनवर, पडद्याच्या वरच्या बाजूला टॉवरचं नाव दिसायचं. आर्णीच्या बाजारात उभं राहिलं की आर्णी, पुसदला पुसद. त्याला पैसे पडत नसत आणि कोणी कोणाला ते पाठवतही नसे. टॉवर आपलं नाव हवेत सोडून द्यायचा आणि टप्प्यात ज्याच्या हातात फोन असेल त्याला ते दिसायचं. कधीकधी पावसाचा अंदाजही असाच यायचा. फुकटची गोष्ट म्हणून लोकांना त्याचं भारी कौतुक होतं.

मग रिठाच्या जागेवर नवा टॉवर उभा राहिला. ती जागा कोणी पेरत नव्हतं, म्हणून ती दिली असावी. एका सकाळी अर्ध्या गावाच्या फोनवर ते नाव आलं. बायकांनी फोन पालथे करून ठेवले. काही जण रिचार्जच्या दुकानात भांडायला गेले. दुकानदार म्हणाला, “मी का लावला टॉवर? जागा त्या मौज्यात हाये तं कंपनी तेच नाव देईन ना बाप्पा.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण त्याचाही फोन काउंटरवर पालथाच होता.

माझे बाबा त्या रिठात जन्मले होते. गाव उठलं तेव्हा ते लहान होते, आमच्या गावी आले आणि पुढे एसटीत ड्रायव्हर झाले. निवृत्तीनंतर त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं. कुठे चुकले तर सापडावेत म्हणून भावाने त्यांच्या गळ्यात दोरीने फोन अडकवला. आमच्या अंगणात दोन टॉवरांची ओढाताण चालायची. ओसरीवर फोन आर्णी दाखवायचा आणि गोठ्याजवळच्या निंबाखाली रीठ. बाबांनी आपली खुर्ची निंबाखाली नेली.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुसदहून आले तर ते तिथेच बसलेले. फोनवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवत होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “बोर्ड लागला पाय.”

मी विचारलं, “कायचा बोर्ड?”

“आपल्या गावचा. बोर्ड लागला म्हणजे गाव वसलं.”

मी त्यांना लहरी आणि टॉवर समजावून सांगायला बसले. बी.एड. झालेल्या बाईला दुसरं काय सुचणार? ज्या माणसाने उभा जन्म गाडीच्या पाटीवर भरवसा ठेवला, पाटीवर गाव लिहिलंय म्हणजे ते आहेच असं धरून गाडी हाकली, त्याला मी सांगत होते की हे नाव आहे पण गाव नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू मास्तरीण हायेस, तुले काय माहीत रस्ते.”

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, खुर्ची रिकामी दिसली.

त्या वर्षांत आमच्या भागात घरातला पुरुष वेळेवर दिसला नाही तर बायका आधी फवारणीच्या औषधाचा डबा जागेवर आहे का ते पाहायच्या. बाबांना ना शेतीचं ओझं ना कशाचं, तरी आई आधी तेच पाहून आली. डबा जागेवर होता. मग भावाने फोन लावला आणि बाबांनी उचलला.

“बाबा, कुठी हायेत?”

“गावीच हाये,” ते म्हणाले आणि रिठाचं नाव घेतलं. “लायनीले घेतो न येतो.” फोन बंद झाला.

लायनी कोण, ते आईने तेव्हा सांगितलं. लायनी म्हणजे लहानी. मला ठाऊक नव्हतं, पण बाबांना एक धाकटी बहीण होती. गावात पटकी आली तेव्हा सगळे एका संध्याकाळी बैलगाड्या जुंपून निघाले. लायनी आजाराने पडली होती. तिला घरातच बाजेवर निजवलं, उशाशी पाणी ठेवलं, सकाळी येऊन पाहू म्हणाले. सकाळी कोणी गेलं नाही. आईला हे लग्नानंतर बाबांनी एकदाच सांगितलं होतं. “तवा ती जित्ती होती का नोयती, थे कोनीच बोललं नाही,” आई म्हणाली. आम्ही निघालो तर मागून आली आणि माझा हात धरला. “तिथं त्यायले हाका मारू नोका. अन् कोनी हाक मारली तं ओ देऊ नोको.”

भावाच्या गाडीवर आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटलेला, वेचायला माणूस नाही. मध्येच जमीन पांढरी झाली. शेकडो चुलींची राख आणि पडलेल्या भिंतींची माती. सीताफळीच्या झुडपांत एक बुजलेली विहीर, शेंदूर उडालेला मारुती आणि त्याच्या मागे टॉवर. जनरेटर घरघरत होता. माझ्या फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या वर ते नाव. मला भीती वाटली. आजूबाजूला कोणी नाही आणि हातातला फोन न थांबता गावाचं नाव सांगतो आहे, हे मला सहन होईना.

हाक मारायची नव्हती, म्हणून भावाने पुन्हा फोन लावला आणि आम्ही कान दिले. झुडपांमागे बेल वाजली. धावत गेलो तर फोन दोरीसकट एका जोत्याच्या दगडावर ठेवलेला. बाबा नाहीत. फोन आपला वाजतोय.

“लायने.”

आवाज माझ्या पाठीमागून आला. बाबा विहिरीच्या बाजूने येत होते, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. भावाने त्यांचा दंड धरला तर त्यांनी हिसडा दिला. “लायनीबिगर मी येत नाही. एक डाव गेलो.” भावाने समजावलं, ओढलं, रडकुंडीला आला. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मी घरातली थोरली, मला लायनी म्हणायचं काही कारण नव्हतं.

“लायने,” ते पुन्हा म्हणाले.

मी ‘ओ’ दिली. बाबांना घरी न्यायचं म्हणून मुद्दाम दिली, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. पण विचार करायच्या आधीच ती गेली होती, आणि आवाज माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा बारीक होता. बाबांनी बाटलीचं बूच काढून मला पाणी पाजलं. मग माझं मनगट धरून ते निमूट चालू लागले. गाडीवर बसायला तयार झाले नाहीत. घरापर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

दारात आईने आमच्यावरून भाकरतुकडा उतरवून टाकला आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “ओ देल्ली का?” मी नाही म्हणाले. तेवढ्यात बाबांनी आतून लायनीला जेवायला हाक मारली.

बाबा त्यानंतर कुठे गेले नाहीत. खुर्ची त्यांनी स्वतःच ओसरीवर आणली. जेवू लागले, झोपू लागले, अंगाने भरले. आई मला गमतीने नणदबाई म्हणायची आणि मग पदराने डोळे टिपायची. सुट्टी संपून मी पुसदला गेले, तर बाबा रोज संध्याकाळी तिच्याकडून फोन लावून घ्यायचे. “लायने, घरीच हायेस ना?” मी खोलीत एकटी, स्टोव्हवर भात ठेवलेला. मी म्हणायचे, “हाव दादा, घरीच हाये.” ते समाधानाने फोन ठेवायचे. त्यांची थोरली मुलगी कुठे आहे, कशी आहे, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

एकदा मला ताप होता. फोन वाजला, आणि त्या ग्लानीत मी भान न राहून म्हणाले, “बाबा, मले बरं नाही.”



“कोन बोलते?” त्यांनी विचारलं.