कागदावर नसलेला ढीग

हौसाबाई सळई धरून मोजायची.

टेमघरच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला टेकून एक ढीग उभा होता, पत्र्याला डोकं लागेल एवढा. सकाळी आल्या आल्या ती त्यात लांब लोखंडी सळई खुपसून ठेवायची. चहा पिऊन झाला की उपसायची, टोक मुठीत धरायची आणि मोठ्याने आकडे म्हणायची. चटका असह्य झाला की थांबायची. होळीच्या आधी वीसपर्यंत जायची. होळीनंतर बारा. गेल्या सोमवारी सात.

"आमच्या अकलोलीचं ऊन पाण्याचं कुंड असंच हाय बघ," ती धम्मदिनाला म्हणाली. "वरून गपगार. हात घातला का कळतं."

"ढिगात कसलं कुंड, मावशी?"

"तेच तं इचारते मी. शिकलेली तू हायस ना?"

धम्मदिना हसली, पण केबिनमध्ये येऊन रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तिने पेन्सिलीने लिहिलं: सोमवार, सात.

आकडे लिहिणं हेच तिचं काम होतं. बी.कॉम. झालेली, टायपिंगला हात असा की समोरच्याला बोट दिसायचं नाही. ही शेड एक संस्था ठेक्यावर चालवायची. घराघरातून सुका कचरा किती आला, त्यातला पुनर्वापराला किती गेला, टनामागे खर्च किती पडला, हे दर महिन्याच्या तीन तारखेला धम्मदिना पालिकेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायची. त्या फॉर्मवर अनुदान यायचं आणि अनुदानावर चौदा बायकांचे पगार व्हायचे. त्या चौदांत एक कलावती, तिची आई.

कलावतीने वीस वर्षं पाठीवर गोणी टाकून भिवंडीच्या गल्ल्या धुंडाळल्या होत्या. दुकानदार पाणी मारून हाकलायचे. शेड सुरू झाली आणि तिला हातमोजे मिळाले, ओळखपत्र मिळालं. ते ओळखपत्र गळ्यात घालून ती भाचीच्या लग्नाला गेली होती. "फोटोत दिसायला पाहिजे ना," म्हणाली.

आणि ढीग? ढीग धम्मदिनाच्या हुशारीचा होता.

अनुदान फक्त घरगुती कचऱ्याच्या वजनावर, म्हणून अडीच वर्षांपूर्वी ते जेमतेम मिळत होतं. घरांतून पुठ्ठा, बाटल्या, पिशव्या येऊन येऊन किती येणार? महिन्याला बावीस टन. सुपरवायझर केदार डोक्याला हात लावून बसला होता. तेव्हा धम्मदिना म्हणाली, "सर, आपल्याकडे खाली लूम, वर बिऱ्हाड. दार एकच, डबाही एकच. मग लूमची चिंधी घरगुती कचऱ्यात का नाही धरायची?"

केदारने मान वर केली. दुसऱ्या दिवसापासून गाडी लूमवाल्यांच्या दारात थांबायला लागली. तेही खूश. "ले जाओ मॅडम, घर का ही कचरा है," म्हणत तेलाने काळी झालेली चिंधी पोत्यांनी टाकायचे. बावीसचे चाळीस टन झाले. केदारने पेढे आणले. "डोकं आहे हो मॅडमला!"

ती तेलकट चिंधी एक बॉयलरवाला जाळायला न्यायचा. दहा महिन्यांपूर्वी त्याने नेणं बंद केलं. त्या महिन्यात केदार म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक येतंय. तू 'रवाना' लिही, 'शिल्लक' शून्य." तिने लिहिलं. पुढच्या आठवड्यात कोणी आलं नाही. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा शून्य लिहिलं, कारण आधीचं शून्य होतं. दर महिन्याला अठरा टन. दहा महिने. शेडमध्ये एकशे ऐंशी टन चिंधी उभी, आणि फॉर्मवर तिथे स्वच्छ मोकळी फरशी.

बुधवारी हौसाबाई पाचवर थांबली. तळहात साडीला पुसत राहिली.

धम्मदिना केदारकडे गेली. "सर, ढिगाला तेलाचा वास वेगळाच येतोय. करपल्यासारखा. अग्निशमनवाल्यांना एकदा दाखवू."

"काय दाखवू?" केदारने दार लोटून घेतलं. "कागदावर ढीगच नाहीये, दिना. तपासायला कोणाला बोलावू, आणि काय सांगून?"

"मग कागदावर आणू."

"आण ना. सगळा माल रवाना दाखवतो म्हणून हप्ता येतो. ढीग दाखवलास की हप्ता बंद, मागचाही परत मागतील. चौदा बायका घरी. तुझ्या आईला सांगशील, परत गोणी घे म्हणून?"

केदारचा आवाज खाली आला. "आणि खाली सही कोणाची आहे, विसरू नकोस."

घरी भाकरी थापता थापता कलावतीने विचारलं, "का गं, तोंड का उतरलंय?"

"आई, तू त्या ढिगाजवळ बसू नको."

"मग कुठं बसू, केदारच्या खुर्चीत? ढिगाजवळच सावली असते. थंडीत तर चांगली ऊब लागत होती पाठीला. हौसा म्हणाली, फुकटचा शेक घे."

धम्मदिनाच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणजे थंडीपासूनच.

शुक्रवारी तीन तारीख होती. ऊन पत्र्यावर कडकडत होतं. हौसाबाई आज मोजायला आलीच नव्हती. पहाटे नातवाला दवाखान्यात नेलं होतं, उशिरा येणार होती. सळई कालपासून ढिगातच होती. धम्मदिनाने फॉर्म उघडला. शिल्लकेच्या रकान्यात तिने १८० टाइप केलं.

फॉर्मने नकार दिला. मागच्या महिन्याची शिल्लक शून्य. या महिन्यात आले चाळीस टन. चाळिसातून एकशे ऐंशी उरणार कसे? तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल अक्षरं. नऊ महिने तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली शून्यं एकमेकांचा हात धरून दारात उभी होती आणि तिला आत येऊ देत नव्हती.

मग तिने जमा लिहिलं चाळीस. रवाना, शून्य. शिल्लक, चाळीस. त्या कागदात याहून मोठा ढीग मावत नव्हता. शेऱ्याच्या जागी लिहिलं: "मागील नऊ महिन्यांचे आकडे चुकीचे. ते मी भरले. जागेवर आणखी तेलकट चिंधी आहे, ती आतून गरम होत आहे." खाली आपलं नाव घातलं आणि बटण दाबलं.

मग हजेरीपट घेऊन बाहेर आली.

"सगळ्यांनी फाटकाबाहेर चला. हजेरी बाहेर."

"आत्ता? अर्धा माल निवडायचाय!" कलावती ओरडली. "दिवस कापणार असशील तर आधी सांग."

"कापत नाही. पूर्ण दिवस लावते. ऊठ, आई."

"ही बघा, मॅडम झाली. आईला ऊठ म्हणते!" बायका हसल्या, कंबरेवर हात ठेवत उठल्या, हातमोजे काढत फाटकाकडे निघाल्या. केदार केबिनमधून धावत आला, हातात मोबाइल. "तू काय भरलंस? मला फोन आला वरून! मागे घे ते, दिना, आत्ताच्या आत्ता मागे घे!"

"ते मागे घेता येत नाही, सर."

"तुला समजतंय का, आपण दोघंही जाणार?"

"समजतंय."

तिने नावं वाचायला सुरुवात केली. राहीबाई. हाय. धोंडूबाई. आले. कलावती.

"हाय, हाय. मेले न्हाय अजून."

तेरा झाल्या. "हौसा?"

"ती दवाखान्यात ना," कोणीतरी म्हणालं.

"अगं आत्ता आली की, मागच्या दारानं," राहीबाई म्हणाली. "मला म्हणे, सळई बघून येते."

धम्मदिनाने हजेरीपट आईच्या हातात कोंबला आणि ती शेडकडे पळाली. दारातच हौसाबाई समोरून आली. उजवा हात छातीशी धरलेला, तळव्यावर आडवा पांढरा पट्टा उमटलेला.

"किती मोजलं, मावशी?"

"मोजते कुठं?" हौसाबाईचे ओठ कोरडे पडले होते. "धरवलीच न्हाय बाय. सळई तितंच पडली."

तिच्या मागे, ढिगात सळईने पाडलेल्या भोकातून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चढली आणि पत्र्याला लागून पसरली.

दोघी फाटकापाशी आल्या तेव्हा केदार मोबाइल कानाला न लावता नुसता हातात धरून उभा होता. धम्मदिनाने आपल्या फोनवरून अग्निशमन केंद्राचा नंबर लावला. पत्ता सांगितला. माणसं बाहेर आहेत, चौदाच्या चौदा, हे सांगितलं.

"आत माल काय?"

"तेलकट चिंधी."

"किती?"

कलावती हजेरीपट पोटाशी धरून लेकीच्या तोंडाकडे बघत होती. गळ्यात ओळखपत्र होतं.

"एकशे ऐंशी टन," धम्मदिना म्हणाली.