कॅसेटीत न सापडलेली चुलती

दशक्रियेच्या फ्लेक्सवर लावायला साळुबाईचा, म्हणजे माझ्या चुलतीचा, फोटो हवा होता आणि घरात एकही नव्हता. मतदान कार्डाचे फोटो काढणारे शाळेत आले, त्या दिवशी ती दुसऱ्यांचे कांदे लावायला गेली होती. पोटी मूल नाही, माहेरचं कुणी उरलेलं नाही.

तिचा नवरा, चांगदेवकाका, हटून बसले. "नुसतं नाव न्हाई चालायचं. तोंड पायजे तिचं."

मग धाकट्या आत्याच्या लग्नाची कॅसेट आठवली. अठ्ठ्याण्णव साल, निमगाव सावा. त्या लग्नात हळद दळण्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत साळुबाईच राबली होती. असणारच की कॅसेटीत!

माझ्या चुलतभावानं, पप्पूनं, पेठेतून व्हीसीआर आणला. पाचव्या मिनिटाला पोपटी साडीवाली आली. घोडेगावच्या पावण्यांची कुणीतरी मेहुणी. आणि आमच्या थोरल्या लंकाआत्याचा नाकातला सूर लागला, "अगं बया, हीच ती! सगळ्यांना अक्षता वाटत व्हती बघ!"

"कसल्या वाटतीय?" आई म्हणाली. "साळुबाईच्या हातातलं ताट घेतलंन् उभी ऱ्हायली."

"न्हाई गं, हीच. कानात लाल खड्यांचे डूल व्हते, मला चांगलं ध्यानात हाय."

डूल खरंच लाल निघाले. कॅमेरावाला मांडवभर तिच्याच मागं. ती जेवताना, केस सारखे करताना, मिक्सिंगमध्ये घातलेल्या बदामाच्या चौकटीत. बायका हसायला लागल्या, सुतकाच्या घरात.

साळुबाई आली ती हातानं. उन्हानं करपलेला हात, बुंदी वाढणारा. कॅमेरा मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर चढला आणि पलीकडं पोपटी दिसताच वळला.

"मागं घे," काका म्हणाले. पप्पूनं तीनदा मागं घेतलं. तीनदा खांद्यापर्यंतच.

फ्लेक्ससाठी बोलावलेला गेणभाऊ पेंटर पुढं सरकला. "दादा, तुमी सांगा, मी चित्र काढतो. नाक कसं व्हतं?"

"लई पहाटं उठायची ती. भाकरी अशी पातळ करायची..."

"ते झालं. नाक?"

काकांनी टीव्हीकडं बघितलं. तिथं पोपटी साडीवाली हसत थांबली होती. अठ्ठावीस वर्षं ते रोज साळुबाईसमोर जेवायला बसले होते.

"गोंदण व्हतं," ते म्हणाले. "कपाळावर... का हनुवटीला? पोरांनो, तुमी तरी बघितलं आसंल की."

आम्ही चौघं-पाचजण होतो. पप्पूनं कॅसेट परत मागं घेतली.