चिखलातले साहेब

महाराष्ट्र राज्य नवं होतं, तेव्हा संग्रामपूरला कचेरीत एक कारकून होते. बहुतेक वाक्यं ते दोनदा बोलत आणि दुसऱ्यांदा हसत. गावाबाहेरचं पाणथळ शेतीसाठी चर खोदून रिकामं केलं, तेव्हापासून आमच्या विहिरी उन्हाळ्यात आटू लागल्या.

"पानी तेथंच मुरे गुरुजी, तेथंच मुरे," ते मला सांगत.

पंचायतीनं चर बुजवायला होकार दिला, पण कुणी हात लावेना. एका रविवारी ते धोतर खोचून एकटेच चरात उतरले आणि हातांनी चिखल लोटू लागले.

"काऊन साहेब, म्हैस झाले का?" काठावरून एकानं विचारलं.

"हाव, म्हैसच झालो." त्यांनी चिखलाचा गोळा नेमका त्याच्या छातीवर मारला. तोही उतरला. दुपारपर्यंत अर्धं गाव चिखलात एकमेकांना माखत होतं आणि चर बुजला होता.

पुढच्या पावसाळ्यात पाणथळात पाणी साचलं आणि विहिरींनाही आलं. हिवाळ्यात एका सकाळी ते धापा टाकत माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. "पोरं सोडा गुरुजी, पोरं सोडा. बदकं परत आली."

आम्ही सगळे पळत गेलो. पाणी बदकांनी भरलं होतं. ते माझा खांदा धरून उड्या मारत होते, आणि पोरांदेखत मीही मारू लागलो.