मेजरची पिकअप आणि दसऱ्याचा काळा रंग

आमच्या घरात एका जुन्या पिकअपवरून तीन आठवडे भांडण चाललं, आणि त्यात चुकीच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं मी बोलत होते. हे आधीच सांगून टाकते.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. फौजेत त्यांनी ट्रक चालवले आणि निवृत्त होऊन म्हसवडच्या पलीकडं आमच्या गावात आल्यावर पहिलं काम काय केलं, तर ही पिकअप घेतली. हुद्दा हवालदाराचा, पण गावानं परस्पर बढती देऊन त्यांना मेजर करून टाकलं. रोज चहाच्या आधी गाडीची 'फर्स्ट परेड' व्हायची. तेल, पाणी, हवा, दिवे, सगळं हात लावून बघायचं. आई म्हणायची, "माझी नाडी कवा बघितली का अशी?"

आमचं गाव कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर सरकायचं, असा नियम आहे. नियम कागदावर आहे आणि पाणी वरच्या गावांच्या उसात आहे. म्हणून दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं की, आमची माणसं कालव्याच्या भरावावरून वर जातात आणि गेटांवर दिवसभर बसून राहतात. त्यांना नेतात आण्णा. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. भरावावर एसटी येत नाही आणि टेलला पाणी येत नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं, तेवढं सांगा, मग आपण बोलू.

त्या लढ्याची पत्रकं मी लिहिते. कुणीतरी मोठा माणूस कालवा बघायला येणार म्हणून एकदा गळकी गेटं झकास निळ्या रंगात रंगवली गेली. गळती तशीच. तेव्हा मी पत्रक काढलं, 'रंग नको, दुरुस्ती द्या'. ते चांगलंच फिरलं. मला त्याचा गर्व होता, आणि अजूनही आहे.

तर पिकअपचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, तोंडावर आलं. क्लच घसरत होता, हौद्याचा पत्रा खालून फाटलेला. दादा, माझा मोठा भाऊ, फौजेतच आहे. त्याचा फोन आला, "नवीन घ्या. हप्ते मी भरतो. पण एक अट हाय. आण्णांनी चालवायची न्हाई. वय झालं. ड्रायव्हर ठेवा."

आण्णांनी फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं बर्फातल्या घाटांतून ट्रक काढले, त्याला घरात बसवायचं? आणि तेही नव्या गाडीची दया दाखवून? जुनी गाडी दुरुस्त झाली तर ती आण्णांचीच राहील आणि स्टेअरिंगही त्यांच्याच हातात राहील, एवढं मला सरळ दिसलं.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. 'चालती गाडी भंगारात का?' सात मुद्दे, खाली सह्या. मारुतीच्या पारावर चिकटवलं. दोन दिवसांत अर्ध्या गावाच्या सह्या. ज्यांनी त्या गाडीत कधी पाय ठेवला नव्हता त्यांच्यासुद्धा.

"घरातलं भांडण पारावर न्हेलंस व्हय गं?" आण्णा म्हणाले.

"जनमत लागतं, आण्णा."

"गाडीला ऑइल लागतं," ते म्हणाले. पण पत्रक त्यांनी फाडलं नाही. पारावरून जाताना त्यांचं चालणं जरा हळू व्हायचं.

जनमत खिशात घालून आम्ही दोघं गाडी घेऊन विट्याला गेलो. तिथं आण्णांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आण्णांच्याच वयाचे, आणि माझ्यासारखेच तोंडानं फटकळ. मी त्यांना बजावलं, "मिस्त्री, खर्च किती ते नंतर. गाडी उभी करायची आहे."

"उभीच हाय की," मिस्त्री म्हणाले. एक छोटा हातोडा घेऊन ते गाडीखाली शिरले. मीही वाकले. पुढून त्यांनी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकायला सुरुवात केली. टण. टण. टण. माझा प्रत्येक मुद्दा बरोबर ठरत होता. मागच्या चाकाजवळ आले आणि आवाज आला, भस्स. हातोडा आत गेला.

मिस्त्रींनी बोटानं एक पापुद्रा ओढला. काळा रंग. त्याखाली वाळलेला चिखल. त्याखाली परत काळा रंग, परत चिखल. लोखंड शेवटी, तेही चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं.

"आवं मेजर, हे किती दसऱ्याचं हाय?"

आमच्याकडं खंडेनवमीला गाडी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात, आणि खालून चॅसीला काळा रंग मारतात. सगळं गावच मारतं. आण्णांचा हात सगळ्यांत सफाईदार, म्हणून शेजारपाजारचे ट्रॅक्टरही त्यांच्याकडून रंगवून घेत. खरवडत मात्र कुणी नव्हतं. सणाच्या दिवशी खरवडत कोण बसणार? ओला चिखल आत कोंडून आम्ही दरवर्षी वरून झाकण लावत होतो, आणि शेवटी पूजाही करत होतो.

"फौजेत इन्स्पेक्शनला गंज दिसला की शिक्षा," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "म्हणून गंज दिसू द्यायचा न्हाई, एवढंच हातात बसलं बघा."

मिस्त्री माझ्याकडं वळले. "ताई, 'रंग नको, दुरुस्ती द्या' ते पत्रक तुमचंच न्हवं का? लय भारी लिवलंय. माझ्या पोरानं फोनवर दाखवलं."

मी तो पापुद्रा उचलून उलटसुलट बघायला लागले.

मिस्त्रींनी पुढचं सरळ सांगितलं. वरून पट्ट्या वेल्ड करून रंग मारला तर पासिंगला कदाचित निघून जाईल. "पर तुमी मागं माणसं भरून भरावावर न्हेता. एका अंगाला पंधरा फूट पाणी. तितं ही चॅसी बसली, तर माझं नाव काडू नका."

आण्णा माझ्याकडं बघत होते. मी 'मारा पट्ट्या' म्हटलं असतं तर ते झालं असतं, आणि मी क्षणभर तो विचार केलाही. लपवण्यात अर्थ नाही. मग मी म्हणाले, "नको. नवीन घेऊ."

"बरं," आण्णा म्हणाले. "म्हंजे मी बसतो आता पारावर. तुझं पत्रक वाचत."

दादाला मी तिथूनच फोन लावला. गाडीच्या बाबतीत तू बरोबर होतास हे एका वाक्यात कबूल केलं, आणि मग अर्धा तास भांडले. तो म्हणे वय, मी म्हणे वय हा पुरावा नाही. गाडीसुद्धा वरून बघून भंगारात काढायची नाही, वरून बघून पासही करायची नाही. शेवटी आण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"गाडी ठोकून बघितली, आता ड्रायव्हर ठोकून बघा. सडका निघाला तर किल्ली तुमच्या हातात."

साताऱ्याला डोळे तपासले, साखर, बीपी, सगळं. हृदय टण. कान टण. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. दिवसा चष्मा लावून चालवा, अंधार पडल्यावर चालवू नका, डॉक्टर म्हणाले. दादानं अट तेवढीच ठेवली. अंधारातलं कोण चालवणार हा प्रश्न उरला, म्हणून मी शिकले. आण्णांनी शिकवलं. पहिले आठ दिवस नुसतं चाकांना हवा भरायला लावली.

पारावरचं पत्रक मी स्वतः काढून टाकलं आणि तिथं दुसरं लावलं. 'आमची चूक झाली. चॅसी सडली होती. तुमच्याही गाड्या ठोकून बघा.' त्यावर सही एकट्या माझी. असं पत्रक किती चळवळींनी काढलंय, मला माहीत नाही. काढायला हवं.

पुढच्या आवर्तनाला आण्णा नव्या पिकअपमधून माणसं घेऊन गेले. पाणी आलं का? अर्धं आलं. उरलेल्या अर्ध्यासाठी भांडतोय.

खंडेनवमीला आण्णांनी सवयीनं काळ्या रंगाचा डबा आणला. मी तारेचा ब्रश पुढं केला.

"नवी गाडी हाय गं. खरवडू काय, कंपनीचा रंग?"

"चिखल तरी काढा आधी."

पोतं अंथरून ते खाली शिरले. पाण्याचा पाइप मी धरला. चिखल गेला, लोखंड वाळलं, मग हातोडा मागितला. पुढून मागपर्यंत ठोकत गेले, मी वर उभी राहून ऐकत होते. सगळीकडं टण. डबा अजून कोनाड्यात आहे. झाकण उघडलेलं नाही.