दाताची भिशी

सर्जननी माझ्या यजमानांच्या हनुवटीखाली दोन बोटं दाबून पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांची दाढ कधीपासून दुखत होती?"

"दिवाळीपासून, अधनंमधनं," मी म्हणाले. "पण आम्ही दाढेसाठी नाही आलो डॉक्टर. यांना श्वास घेता येईना झालाय."

"त्या दाढेमुळंच. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात."

मी सातवी शिकलेली बाई. ते शब्द मी नंतर विचारून विचारून पाठ केले, म्हणून इथे लिहू शकते. किडलेल्या दाढेतला पू जबड्यातून जिभेखाली उतरतो, गळ्याकडे पसरतो. सूज लाकडासारखी कडक होते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट आतून मिटत जाते.

यजमान शामराव शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामाचे साचे करायचे. त्या दिवशी हे हॉस्पिटलच्या बाकावर पुढं वाकून बसले होते. तोंड मिटेना, धड उघडेनाही. लाळ गिळता येत नव्हती, म्हणून मांडीवर टॉवेल धरला होता.

कामगारांच्या विम्यासाठी यांच्या पगारातून दरमहा पैसे कापले जायचे. ताप आला, हात भाजला, तर विम्याच्या दवाखान्यात औषध मिळायचं. दाढेसाठी गेले तर तिथं दुखणं थांबायच्या गोळ्या मिळाल्या. दातांचे डॉक्टर तिथं नव्हते. गावात खाजगी डॉक्टर होते, पण त्यांचे पैसे आपल्या खिशातून जाणार.

आणि घरखर्चात दाताला कधी जागाच नसते. किराणा असतो, शाळेची फी असते, पाहुण्यांचा आहेरसुद्धा असतो. मी म्हटलं की हे म्हणायचे, "काय हुतंय दाढंला? लवंग धरली की बसतंय. पुढल्या पगाराला बघू की." तो पगार झाला, आमच्या लेकीचा, मंदाचा गणवेश आला, आणि दाढही थोडे दिवस गप्प बसली. आम्हाला वाटलं, बरी झाली.

मग एका सकाळी जबड्याखाली गाठ आली. दुसऱ्या दिवशी मान सुजली. तिसऱ्या दिवशी भाकरी सोडाच, पाणीही उतरेना. तेव्हा धाकटे दीर बाळूभाऊजी आणि मी यांना रिक्षात घालून इथं आणलं.

"गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल," सर्जन म्हणाले. "ट्रॅकिऑस्टॉमी. म्हणजे नाकातोंडाची वाट बंद झाली तरी नळीतून श्वास चालू राहील."

भाऊजी ओरडलेच, "दातासाठी गळा कापायचा, डॉक्टर?"

"दात राहू द्या आता. श्वास वाचवायचाय. आणि भूल देऊन झोपवताही येणार नाही, जागेपणीच करावं लागेल."

आत नेताना यांनी माझा हात धरला होता. शब्द नीट फुटत नव्हते. "घाबरू नगंस," असं काहीतरी म्हणाले. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

नळी बसली. जबड्याखाली चिरा देऊन पू काढला, ती दाढही काढली. पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी खाटेजवळ गेले, तर हे डोळे उघडे ठेवून शांत पडलेले. गळ्यातली नळी सूं सूं वाजत होती. भाऊजींच्या हातात चहाचा ग्लास होता. यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मलाही दे अशी खूण केली. मी मान हलवून नको म्हटलं, तेव्हा आवाज न करता हसले. मला वाटलं, सुटलो.

तुमच्या घरचं माणूस असं सुधारताना दिसलं, तर आनंद करा, पण सावध राहा. यांना पुन्हा थंडी वाजून ताप भरला. हे छातीवर हात ठेवून दुखतंय म्हणून दाखवू लागले. एक्स-रे पाहून सर्जन मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

"मिडियास्टिनायटिस," ते म्हणाले. "दोन फुप्फुसांच्या मधे, काळजाच्या भोवती जी जागा असते, तिथं पू उतरलाय. मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं तर वाटेत टिकणार नाहीत. मी तुमच्यापासून काही लपवत नाही, बाई."

त्यांनी लपवलं नाही, याचे मी आजही उपकार मानते. त्यामुळं मंदाला वेळेवर बोलावता आलं. तिनं वडिलांच्या पायाला तेल लावलं. सकाळी वॉर्डात झाडलोट चालली असताना नळीचा आवाज थांबला.

पुढचे दिवस आणखी वाईट होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय झालतं?" मी दाढ म्हटलं की ती माझ्याकडं बघत राहायची. "दातानं कुठं माणूस मरतंय व्हय?" चाळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, दारू असंल. कुणी म्हणालं, काहीतरी खाल्लं असंल, ही लपवतीया. मी सर्जनचे शब्द पुन्हा पुन्हा सांगायचे. शेवटी सांगायचं सोडलं.

कारखान्यानं मला कोअर खात्यात घेतलं. साच्याच्या आत बसवायचे वाळूचे ठोकळे तिथं बायका करतात. एक दिवस शेजारी बसणारी आक्काताई गालाला फडकं बांधून आली.

"काय न्हाय गं, दाढ हाय. बसंल."

मी तिचं फडकं सोडलं. जबड्याखाली हात लावला, अजून मऊ होतं. मी तिथंच मोठ्यानं रडले, आणि त्या रडण्यात सगळ्या बायकांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग एकीनं कनवटीची नोट काढली, दुसरीनं काढली, आणि सुट्टी झाल्यावर आम्ही आक्काताईला दातांच्या खाजगी डॉक्टरांकडं नेलं.

तिथून दाताची भिशी सुरू झाली. दर पगाराला प्रत्येकीनं थोडे पैसे घालायचे. एरवी भिशी पाळीपाळीनं उचलतात, इथं मात्र ज्या घरात दात दुखेल त्यानं उचलायची.

"आणि माझं दात दुखलंच न्हाईत तर? पैसं गेलंच की!" एकजण म्हणाली.

"तर देवाचं उपकार मान," आक्काताई गरजली.

पुरुषांनी चेष्टा केली. काहीजणी मधेच सोडून गेल्या. एकीच्या सासूनं, म्हातारपणी कशाला दाताची थेरं, म्हणून पाय उचलला नाही, आणि तिचं दुखणं आम्हाला नुसतं बघावं लागलं. भिशीनं सगळे वाचत नाहीत.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही. जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर लवंग आणि गोळी घेऊन थांबू नका. त्याच दिवशी निघा.

मी स्वतः मात्र भिशी कधी उचलली नव्हती. शेवटी आक्काताईनंच मला धरून त्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "दोन दाढा किडल्यात, पण वाचतील. भरून घेऊ."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी हात थांबवला. "दुखतंय का?"

तोंड उघडंच होतं. मी मानेनं हो म्हटलं.