गौरीची बाळं

सुरुची गणिताची बाई. धायरीतल्या एका शाळेत सातवी-आठवीला शिकवायची, आणि मुलं म्हणायची, बाईंच्या तासाला घड्याळसुद्धा बरोबर चालतं. अशा बाईचं स्वतःचं गणित सहा वर्षं सुटत नव्हतं. लग्न झालं अठ्ठाविसाव्या वर्षी, आता चौतीस, आणि मूल नाही. नवरा आमोद खडकीच्या कारखान्यात नोकरीला. दोघांच्या तपासण्या झाल्या, दोष कुणातच निघाला नाही. निघाला असता तर निदान त्याच्यावर राग तरी काढता आला असता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी आपलं शरीर ओळखायला शिका. झालं, सुरुचीने वही सुरू केली. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी जिभेखाली थर्मामीटर. पाळी गेल्यावर काही दिवसांनी अंगावरचं पांढरं पातळ होतं, पाकासारखी तार धरतं, ते दिवस महत्त्वाचे. मग बीज सुटतं, ते जेमतेम दिवसभर जगतं. पुरुषाचं मात्र चार-पाच दिवस वाट बघतं. बीज सुटलं की अंगाचं तापमान किंचित चढतं, आणि अडीच आठवडे उतरलंच नाही तर दिवस राहिल्याची शंका घ्यायची. हे सगळं तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. ठरलेल्या दिवशी आमोदला लवकर यायचा फोन जायचा, आणि तो बिचारा मुकाट्याने यायचा. प्रेमाला वेळापत्रक लागलं की माणसं एकमेकांशी फार सभ्यपणे वागायला लागतात.

घरात सासूबाई, श्यामलाबाई. जिभेला धार, पण मुलाबद्दल सुनेला त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांचं सोवळं वर्षातून एकदाच जागं व्हायचं, गौरींना. उभ्या गौरी, सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि गौरींपुढे त्यांची दोन बाळं, एक मुलगा, एक मुलगी, वीतभर उंचीची, श्यामलाबाईंच्या सासूबाईंच्या वेळची. एवढा पसारा उरकायला सून हवी, आणि तीच बाजूला बसली तर कसं व्हायचं? म्हणून पाळी गौरींच्या तारखेला येणार असली की ती पुढे ढकलायची गोळी. यात श्यामलाबाईंचं काही जगावेगळं नव्हतं. त्या आठवड्यात कितीतरी बायका याच कामाला मेडिकलच्या दुकानात येतात, आणि दुकानदारही वर न बघता पट्टी काढून देतो.

गेल्या वर्षी तसंच झालं. श्रावणात वहीत ‘तार’ अशी नोंद झाली, आणि मग मुखवटे पुसा, साड्यांना इस्त्री करा, या धांदलीत थर्मामीटर कपाटात गेला तो गेलाच. पाळीच्या तारखेआधी तीन दिवस गोळी सुरू झाली, गौरी विसर्जनाला बंद झाली. पूजनाच्या दिवशी शेजारच्या गोदाबाईंनी सुरुचीची ओटी भरली आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी कडेवर बाळ असू दे गं बाई.” सुरुचीने गौरींकडे बघून तेच मागितलं. डोळे भरून मागितलं.

गोळी थांबली की दोन-चार दिवसांत पाळी येते. आली नाही. गणिताच्या बाईने उत्तर काढलं, गोळीनेच लांबली असणार. मळमळलं, तर गोळीमुळे. छाती दुखली, तर तीही गोळीच्याच नावावर. आमोद एकदा चाचरत म्हणाला, “टेस्ट करून बघायची का?”

“नको रे. पाच वर्षं ती एकच रेघ बघतेय. या महिन्यात तरी सोड मला.”

त्याने सोडलं.

पितृपक्षात, आठवीच्या तासाला, फळ्यावर लिहिता लिहिता तिच्या पोटात कळ आली. रक्त थांबेना, तेव्हा रिक्षाने दवाखाना गाठला. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, “दिवस राहिले होते, सुरुची. सातवा आठवडा असावा. टिकलं नाही.”

“गोळीमुळे?”

“तसं नाही म्हणता येणार. इतक्या लवकर जातं, तेव्हा बहुतेकदा गर्भातच मुळात काहीतरी राहून गेलेलं असतं. पण गोळी घेण्याआधी मला विचारायचंत. आणि बंद केल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही, तेव्हा तरी यायचंत.”

परतताना रिक्षात तिने बोटांवर दिवस मोजले. ओटी भरली तेव्हा ते होतं. जे मागत होती ते पोटातच होतं, आणि ती गौरींपुढे पदर पसरून उभी होती. महिनाभर ती आई होती, आणि त्यातला एक दिवससुद्धा तिला कळला नाही. बाळ गेल्याचं दुःख होतंच, पण हे जास्त जिव्हारी लागलं.

श्यामलाबाईंना आमोदने सांगितलं. त्यांनी पंधरा दिवस सुनेला ओट्याशी फिरकू दिलं नाही, स्वयंपाक स्वतःच केला.

यंदा सुरुचीने आधीच सांगून टाकलं, गोळी घेणार नाही. श्यामलाबाई “बरं” म्हणाल्या. आणि गौरी घरात यायच्या दिवशी सकाळीच पाळी आली. म्हणजे याही महिन्यात काही नाही. ती दाराशी खुर्ची टाकून बसली. आत श्यामलाबाईंनी एकटीने गौरी उभ्या केल्या, साड्या नेसवल्या, दागिने घातले, आणि गौरींच्या सामानाचा खोका बंद करून कपाटाकडे निघाल्या.

“आई, बाळं राहिली.”

“राहू देत यंदा.”

हे आपल्यासाठी चाललंय, हे सुरुचीला कळलं. “नको, आई. त्यांची कशाला ताटातूट? मांडा.”

श्यामलाबाई खोका घेऊन मागे वळल्या. मग त्यांनी तो आणून तिच्या मांडीवर ठेवला. “तूच मांड.”

“मला चालत नाही ना.”

“गौरींची तक्रार आली तर मी बघून घेईन.”

सुरुचीने टोपडं घातलेलं धाकटं बाळ कापडातून सोडवलं. उंबरा ओलांडून ती आत गेली. ते गौरीच्या पायाशी नीट बसेपर्यंत श्यामलाबाई वाती वळत राहिल्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, “कधी झालं असतं गं?”

“मे महिन्यात. सुरुवातीला.”

श्यामलाबाईंनी बोटांवर मोजलं.

“म्हणजे आता चार महिन्यांचं. मान धरली असती.”