कोळशाच्या वासाची पोपटी

मी भांडखोर बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. माझं माहेर खालापूरकडचं, सात भावंडांत मी मधली. ओरडल्याशिवाय ताटात भाकरी पडायची नाही, तेव्हा आवाज आपोआपच तयार झाला. लग्न होऊन कर्जतला भिसेगावात आले ती तो आवाज घेऊनच. आमच्या आळीला एकच विहीर, आणि आधी कुणाची घागर खाली जाणार यावरून रोज सकाळी एक तरी खटका उडायचाच. माझी जोडीदारीण ठरलेली, भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. भांडण रंगात आलं की आमच्या ओट्यावरून यांची हाक यायची, "आवर गं!" बस, एवढंच. मला त्या हाकेचा असा संताप यायचा म्हणून सांगू! चांगला झोंबणारा शब्द जिभेवर आलेला असायचा, आणि हे दातात काडी धरून आवर म्हणायचे. मी घागर आपटत घरी यायची.

हे आगवाले होते, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे. कर्जतपासून घाट लागतो, म्हणून वर जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला आणखी एक इंजिन लावायचे. अशा मागच्या इंजिनावर यांनी बारा वर्षं फावडं मारलं. हाताच्या रेषांत आणि नखांच्या कडेला काळं असं मुरलं होतं की राखेनं घासा, चिंचेनं घासा, निघायचं नाही. हळदीच्या दिवशीसुद्धा ते काळं दिसत होतं. माझ्या मावशीनं तर माझ्या कानाशी लागून विचारलं होतं, "ह्यो हात धुतो का नाय गं?"

मग घाटात विजेची इंजिनं आली. आळीतली झाडून सगळी माणसं बघायला गेली, शेजारीण तर नवं लुगडं नेसून आली होती. धूर नाही, ठिणग्या नाहीत, आम्हाला केवढं कौतुक! त्या इंजिनाला आगवाला लागत नाही हे तेव्हा आमच्या डोक्यात आलंच नाही. आधी शेजारणीचा नवरा घरी बसला, मग हे, मग आळीतले आणखी चार-पाच जण. त्यातच भाताचा भाव पडला. मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसं गिरण्या बंद म्हणून वळकट्या घेऊन परत आली. स्टेशनाबाहेर चहा-बिस्किटं विकणारे चाचा मूळचे किनाऱ्याकडचे, भारी बोलके. गिऱ्हाइकाला चहा द्यायच्या आधी दोन गोष्टी सांगायचे. तेही दुकानात हनुवटीला हात लावून बसलेले दिसायला लागले.

कुणालाही विचारावं, कसं काय? की "चाललंय." जो तो चाललंय! मला त्या शब्दाचीच चीड बसली. अरे, काय चाललंय? कुठं चाललंय? घराघरांत माणसं भिंतीला टेकून बसलेली, बायका चुलीपुढं उगीच निखारे उकरत बसलेल्या, आणि म्हणे चाललंय. उपाशी नव्हतो आम्ही, खोटं कशाला बोलू. तांदूळ घरचा होता, परड्यात वाल होते. पण जेवणात जीव नव्हता कुणाचा.

एके दिवशी विहिरीवर गेले, तर शेजारणीनं आपली घागर मागं घेतली आणि म्हणाली, "घे बाई, तूच आधी घे." सात वर्षांत ती असं बोलली नव्हती. मी मुद्दाम टोचलं, "का गं, आज पाणी कडू लागतंय का तुला?" तर म्हणते, "तुझंच खरं." आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? तरी मी आवाज चढवला, चांगला टिपेला नेला. खरं सांगायचं तर तो तिच्यासाठी नव्हताच. आमच्या ओट्याकडे माझा एक कान होता. हे ओट्यावरच बसले होते. हाक आली नाही.

तेव्हा मला भीती वाटली. नोकरी गेली तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटली. गणपती झाले, दिवाळी झाली, आणि या माणसाच्या तोंडून हूं आणि नको याशिवाय तिसरा शब्द नाही. जेवायला वाढलं तर चार घास खाऊन हात धुवायचे. आणि ते हात! रेषांतलं काळं दिवसेंदिवस फिकं व्हायला लागलं होतं. एका संध्याकाळी बघते तर नखं पांढरी स्वच्छ, एखाद्या कारकुनासारखी. मी परसात जाऊन रडले. मला वाटलं, हा माणूस असाच आत आत जाणार, आणि एक दिवस मी हाक मारली तरी आतून कुणी ओ देणार नाही.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरभर ठसका बसला, हे तेवढे शिंकले नाहीत. गिरणीतून परत आलेले माझे दीर म्हणाले, डोंगरातल्या भगताकडे नेऊ. मी म्हटलं, आधी तुम्ही स्वतःला दाखवून या, तुमचं तोंड काय कमी उतरलंय? तर ते गप्प झाले. पूर्वी असते तर मला चार शब्द ऐकवले असते त्यांनी.

या सगळ्यात माझ्या डोक्यात गेलेली वस्तू म्हणजे कोळसा. कामाच्या शेवटच्या दिवशी यांनी फडक्यात बांधून दगडी कोळशाचे चार खडे आणले होते, चांगले नारळाएवढे. ते ओट्यावरच्या कोनाड्यात मांडून ठेवले. हात लावायची सोय नाही. सकाळ-संध्याकाळ हे त्यांच्याकडे तोंड करून बसायचे. देवापुढं बसतात तसे! माझ्याशी बोलायला शब्द नाही आणि दगडांकडे बघायला मात्र डोळे आहेत, म्हणून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पौषात वालाच्या शेंगा भरल्या. आमच्याकडे शेंगा भरल्या की पोपटी व्हायचीच, सगळ्या आळीची मिळून एक. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, रताळी, वांगी, थोडी अंडी, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. तोंडात पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा रचून पेटवायचा. पण त्या वर्षी पोपटीचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

आणि एका दुपारी डोंगराकडची ठाकरीण डोक्यावर भांबुर्ड्याचा भारा घेऊन दारात उभी. ती दरवर्षी पाला आणायची, पायलीभर तांदूळ न्यायची, आणि पोपटीला थांबायची.

"कवा हाय गं पोपटी?" तिनं विचारलं.

"नाय यंदा. कुणाचं मन नाय," मी म्हटलं.

तिनं भारा खाली टाकला आणि त्यावरच बसली. "मन नाय? शेंगा तं हायेत ना? मी दोन कोस पाला वाहून आनला. आता ह्यो काय मी खाऊ?"

ती बसली ती उठेचना. मला लाज वाटली. लाजेचा मला रागच येतो, मग मी कामाला लागते. मी तिथूनच ओरडले, शेजारणीला म्हटलं मडकं काढ, आत्याबाईंना म्हटलं ओवा काढा, दिरांना परड्यात शेंगा तोडायला पिटाळलं. आली सगळी. तोंडं पाडूनच आली, पण आली. ऊन उतरायच्या आत परड्यात मडकं उपडं पडलं. ओट्यावरून समोर दिसेल असं मी ते मुद्दाम ठेवायला लावलं होतं. यांनी एकदा बघितलं आणि मान परत कोनाड्याकडे वळवली.

पेंढा ओला निघाला. थंडीचं दंव धरलं होतं की काय कोण जाणे. नुसता धुमसायला लागला. मी फुंकर मारून मारून थकले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "राहू दे बाई," शेजारीण म्हणाली. "यंदाचं नशीबच असं."

ते ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा ओट्यावर चढले, यांच्या नाकासमोरून कोनाड्यातले चारही खडे पदरात घेतले, परड्यात आणले आणि दिले त्या धुमसत्या पेंढ्यात भिरकावून. वर चिमणीतलं घासलेट ओतलं. नंतर लोक म्हणायचे, बाई किती हुशार, नवऱ्याला बोलतं करायला काय युक्ती केली! कसली युक्ती? मला तो कोळसा जळून गेलेला बघायचा होता, बाकी काही नाही. पोपटीत दगडी कोळसा घालायला अक्कल गहाण टाकलेली बाईच लागते. त्याची धग लवकर उतरत नाही, मडकं तडकतं, वास येतो तो वेगळाच.

भपकन जाळ झाला, आणि मागून धुराचा लोट उठला. काळाकुट्ट. सगळे खोकत मागं सरले.

"काळा धूर!"

आधी मला कळलंच नाही आवाज कुणाचा ते.

"अगं, काळा धूर काढलास! कोळसा असा ढिगानं टाकतात होय? वारा कुठनं जायचा त्यात?" हे ओट्यावरून उडी टाकून आले होते. धोतराचा काचा मारलेला. "हो बाजूला! तुमी सगळी तिकडं व्हा, वारा अडवू नका. काठी दे. ही नाय, लांब काठी दे!"

आगवाल्याच्या इंजिनातून काळा धूर निघाला म्हणजे त्याची लाज गेली. ड्रायव्हर मग त्याला सगळ्यांदेखत शिव्या द्यायचा. हे मला नंतर यांनीच सांगितलं. त्या वेळी मी नुसती काठी धरून उभी होते. यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली, खडे फोडले, मडक्यापासून लांब सारले, पातळ पसरले. पेंढा हलवून वाऱ्याला वाट करून दिली. शेजारणीच्या नवऱ्याकडे न बघताच म्हणाले, "बघतोस काय रं? सुकी पानं आण." तो पळत गेला. दोघं जाळाच्या दोन बाजूंना असे वाकले की मला त्यांचं इंजिनच दिसलं. धूर पांढरा झाला, मग विरळ झाला.

यांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि कान जवळ नेला.

"अजून नाय," हे म्हणाले.

पुन्हा शिंपडलं. थेंब चर्र करून उडाले. "आता काढा."

मडकं एका बाजूनं तडकलंच होतं. त्या बाजूच्या शेंगांना दगडी कोळशाचा असा वास लागला होता की आत्याबाईंनी पहिला दाणा तोंडात घालताच थू केलं. आणि पुन्हा घातला. सगळ्यांनीच खाल्लं. दीर म्हणाले, "वहिनी, पोपटी खातोय का खंडाळ्याला चाललोय?" तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हे हसले नाहीत. पण दोन रताळी खाल्ली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्कल नाय तुला." ठाकरीण माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती.

एका पोपटीनं नोकऱ्या परत येत नाहीत. भाताचा भावही तिथंच राहिला. पुढं उल्हास नदीच्या काठच्या एका वीटभट्टीवर यांना आग सांभाळायचं काम लागलं, पण त्याला चैत्र उजाडावा लागला. तोवर आळी तशीच होती, पोटाला पुरेसं आणि डोक्याला काळजी. मला मात्र पुढच्या काळजीचं ओझं कधी तेवढं वाटलं नाही. त्याचं कारण पोपटीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी घागर घेऊन विहिरीवर गेले. शेजारीण आधीच आली होती. मला बघून तिनं घागर मागं घेतली नाही. उलट दोर घट्ट धरला.

"रात्रभर आमच्या तोंडाला कोळशाची चव," ती म्हणाली. "माणसांना खायला घातलंस का भट्टीला?"

माझा जीव भांड्यात पडला. "एवढं वाईट होतं तर ओच्यात शेंगा भरून कोण नेत होतं गं? माझी सासू?"

"मी नेल्या? मी? तुझी जीभ आहे का विळा?"

"नेल्यास! वर दोन अंडी नेलीस! मोजून सांगते!"

आम्हा दोघींचा आवाज पार स्टेशनापर्यंत गेला असेल. तिचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते, माझेही तसेच असणार. इतक्या सुखानं मी जन्मात भांडले नव्हते. माझ्या जिभेवर एक फार चांगला शब्द आला होता, तो सोडणार तेवढ्यात ओट्यावरून हाक आली.

"आवर गं!"

शेजारीण थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी मागं वळले नाही. ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि आवाज आणखी चढवला, म्हणजे यांना पुन्हा हाक मारावी लागेल.